डार्क शॅडोज: पडद्यावर जेमतेम दिसणारं कॉलिन्सपोर्ट गाव उभं कसं केलं?

गलबत

'डार्क शॅडोज' ही भुताखेतांची अमेरिकी मालिका (एबीसी वाहिनी, २७ जून १९६६ ते २ एप्रिल १९७१, सोमवार ते शुक्रवार दुपारी अर्धा तास) नीट पाहिलेल्यांना प्रश्न. रक्तपिपासू बार्नबस, चेटकीण अँजेलिक, लांडगा-माणूस क्वेंटिन यांच्याबद्दल भरपूर वाचायला मिळतं. मला गावाबद्दल हवं आहे. कॉलिन्सपोर्ट, मेन राज्य. मालिका पाहताना ते गाव डोळ्यांपुढे स्वच्छ उभं राहतं, पण भाग थांबवून शोधायला गेलं तर रस्ता, धक्का, बाजार यातलं फार थोडं हाती लागतं.

विचारायचं ते असं:

१. बाहेरची दृश्यं कुठे कुठे घेतली? जालावरच्या याद्या एकमेकींशी जुळत नाहीत.
२. स्टुडिओत कोणकोणत्या जागा होत्या, आणि तेवढ्यावर गाव भासवलं कसं?
३. मेनच्या नकाशावर हे गाव कुठे धरावं? खऱ्या किनाऱ्याशी ते किती जुळतं?
४. फक्त गावासाठी पाहायचं तर कुठले भाग पाहावेत?

कोकणातल्या एका काल्पनिक बंदराभोवती श्राव्य मालिका लिहायची आहे. १५ मिनिटांचे ६० भाग, आवाज देणारे पाच जण. म्हणून तंत्र समजून घ्यायचं आहे, फक्त कौतुक नको.

---

दूरदीप

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण खरा घोळ तिथेच आहे. कॉलिन्सपोर्ट हे तीन वेगवेगळ्या राज्यांतल्या तुकड्यांतून जोडलेलं गाव आहे, आणि त्यांतला एकही तुकडा मेनमधला नाही.

कॉलिनवुड, म्हणजे कथेतल्या कॉलिन्स घराण्याचा मोठा वाडा: र्‍होड आयलंड राज्यात न्यूपोर्टला असलेला सीव्ह्यू टेरेस, ज्याला केरी मॅन्शन असंही म्हणतात. एडसन ब्रॅडली या धनिकाने १९२० च्या दशकात वॉशिंग्टनमधलं आपलं घर सोडवून त्याचे भाग इथे आणले आणि नव्या बांधकामात बसवले. वाडा बाहेरून थोडा बेमेळ, वेगवेगळ्या काळांचा वाटतो त्याचं कारण हे. या मालिकेला तो बेमेळ फार उपयोगी पडला. शीर्षकाच्या वेळी खडकांवर फुटणाऱ्या लाटा दिसतात, त्याही न्यूपोर्टच्याच.

ब्लू व्हेल हा गुत्ता: न्यूपोर्टच्या बॅनिस्टर्स वॉर्फवरची इमारत, जी 'ब्लॅक पर्ल' उपाहारगृह म्हणून ओळखली जाते.

कॉलिन्सपोर्ट इन आणि गावातला रस्ता: कनेक्टिकट राज्यातलं एसेक्स. इन म्हणजे तिथलं १७७६ पासूनचं ग्रिसवोल्ड इन. बंदरावरचं गाव म्हणून जे काही थोडं दिसतं ते बहुतेक एसेक्सचं आहे.

ओल्ड हाउस, म्हणजे याच घराण्याचं आधीचं घर: न्यूयॉर्क राज्यात हडसनकाठी टॅरीटाउनला लिंडहर्स्ट इस्टेटीवर स्प्रॅट मॅन्शन नावाचं उंच खांबांचं पडीक घर होतं. १९६९ मध्ये ते जळालं. आता तिथे जाऊन पाहण्यासारखं काही नाही.

याद्या जुळत नाहीत त्याचं कारण लिंडहर्स्ट. त्याच इस्टेटीवरचा मुख्य, निमुळत्या शिखरांचा वाडा १९७० आणि १९७१ च्या दोन चित्रपटांत 'कॉलिनवुड' म्हणून वापरला. मालिकेत कॉलिनवुड न्यूपोर्टचं, चित्रपटांत टॅरीटाउनचं. याद्या करणारे दोन्ही एकत्र करतात. चित्रात टोकदार गॉथिक कमानी आणि करडा दगड दिसला तर ते दृश्य चित्रपटातलं समजा. १९९१ च्या नव्या मालिकेत तर वाडा कॅलिफोर्नियात आला, बेव्हर्ली हिल्सचं ग्रेस्टोन. २०१२ च्या चित्रपटासाठी इंग्लंडमधल्या पाइनवुड स्टुडिओत बंदरासकट गाव बांधलं. नकाशा करायचा असेल तर मूळ मालिकेचाच करा. बाकीची गावं नावापुरती एक आहेत.

---

दोन_इंची_टेप

दुसरा प्रश्न माझ्या आवडीचा.

मालिका न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या पश्चिम बाजूच्या एबीसीच्या छोट्या स्टुडिओत व्हायची. रोज एक भाग, आठवड्याला पाच. सकाळपासून तालीम, दुपारनंतर रंगीत तालीम आणि मग दोन इंची व्हिडिओ टेपवर जवळजवळ सलग चित्रण. ती टेप संपादित करायची म्हणजे हाताने कापून जोडायची. वेळ आणि पैसा दोन्ही जात, म्हणून अगदी गळ्याशी आल्याशिवाय कोणी थांबत नसे. चौकटीत शिरलेला माइक, हललेली थडग्याची शिळा, विसरलेलं वाक्य हे सगळं आजही दिसतं ते त्यामुळेच.

याचा गावावर थेट परिणाम झाला. सगळे सेट एकाच वेळी उभे असत आणि कॅमेरे एकाकडून दुसऱ्याकडे सरकत. जागा तेवढीच. कॉलिनवुडचा दर्शनी दालनाचा जिना आणि दिवाणखाना जवळजवळ कायम उभा. उरलेल्या जागेत त्या दिवशी लागेल ते: इनमधलं कॉफी शॉप किंवा लॉबी, ब्लू व्हेलचा एक कोपरा, सॅम इव्हान्स या चित्रकाराचं घर, शेरीफची कचेरी, नंतर ओल्ड हाउस आणि ईगल हिल दफनभूमी. बहुतेक भागांत पाच-सहा नट. रस्त्यावर गर्दी दाखवायची सोयच नव्हती.

मग गाव आलं कुठून? मला तीन गोष्टी दिसतात.

पहिली, आणि सगळ्यात भारी, एलिझाबेथ. जोन बेनेटने केलेली ही घरमालकीण १८ वर्षं घराबाहेर पडलेली नाही, असं पहिल्याच आठवड्यांत कळतं. नवऱ्याचा खून आपल्या हातून झाला आणि तो तळघरात पुरला आहे, अशी तिची समजूत असते. हे रहस्य म्हणून चांगलं आहेच, पण लेखकाच्या दृष्टीने ती एक युक्ती आहे. घराची मालकीण खाली उतरत नाही, म्हणून प्रत्येक बातमी टेकडी चढून वर यावी लागते. कारखान्याचा व्यवस्थापक येतो, शेरीफ येतो, डॉक्टर येतो, बोटीवरचा जो हॅस्केल येतो. येणारा प्रत्येक जण गावाचा एक तुकडा घेऊन येतो: कोण कोणाशी बोलताना दिसलं, कुठली बोट परतली नाही, इनमध्ये कोण उतरलं आहे. प्रेक्षकाला गाव दिसत नाही, पण ते सारखं दार ठोठावतं.

दुसरी, मॅगी इव्हान्सची नोकरी. ती इनच्या कॉफी शॉपमध्ये वाढपी आहे. गावात आलेला माणूस आधी तिच्यासमोर बसतो. एका टेबलाच्या सेटवर परका, गावकरी आणि कॉलिन्स घराण्यातला माणूस एकत्र आणता येतो. तिचा बाप दारूसाठी ब्लू व्हेलला जातो, म्हणून दुसरा सेटही त्याच घराशी जोडला जातो. चार जागा, पण नात्यांनी बांधलेल्या.

तिसरी, आवाज. लाटा, वारा, धुक्यातला भोंगा, कुत्र्यांचं रडणं. ब्लू व्हेलमध्ये ज्यूकबॉक्सवर रॉबर्ट कोबर्टच्या त्याच दोन-चार धून. ती धून वाजली की भिंत दिसायच्या आधी आपण गुत्त्यात पोचलेले असतो. श्राव्य मालिकेसाठी हे सगळ्यात आधी उचलावं: प्रत्येक जागेला एकच ओळखीचा आवाज, आणि तो दुसऱ्या जागेत कधीच वापरायचा नाही. लाटांचा आवाज सगळीकडे ठेवलात तर चार भागांनंतर ऐकणाऱ्याच्या कानाला तो लागेनासा होतो आणि कड्यावरच्या प्रसंगाला हातात काही उरत नाही.

आता जिथे बिघडलं ते. बार्नबस एप्रिल १९६७ मध्ये आला. त्यानंतर काही महिन्यांत एलिझाबेथचं रहस्य उलगडलं आणि ती घराबाहेर पडायला मोकळी झाली. म्हणजे गावाला वर ओढणारी दोरीच सुटली. काही काळ बार्नबसच्या बंधनाने ती जागा भरून काढली: तो दिवसा बाहेर पडू शकत नाही, त्यामुळे गावाला दिवसाचं आणि रात्रीचं असं वेळापत्रक मिळालं. गुरं रक्त शोषलेली सापडतात, धक्क्यावरच्या बायकांवर हल्ले होतात, शेरीफ गस्त घालतो. तोवर गाव जिवंत आहे. पुढे चेटकीण, कृत्रिम माणूस, लांडगा-माणूस, समांतर काळ आले, आणि कारखाना, बोटी, मजुरी यांचं नावही क्वचित निघू लागलं. सगळं दिवाणखाना, ओल्ड हाउस आणि दफनभूमी यांत फिरू लागलं. माझ्या मते १९६८ नंतर कॉलिन्सपोर्ट हे गाव राहिलंच नाही, ती एक इस्टेट झाली.

---

ओहोटी

@दूरदीप, यादी चोख आहे. एक भर घालतो, नकाशाला लागेल म्हणून. एसेक्स समुद्रावर नाही. ते कनेक्टिकट नदीवर, मुखापासून काही मैल आत आहे. पडद्यावरच्या गावातलं पाणी शांत, काठ हिरवा, आणि पुढच्याच दृश्यात उघड्या समुद्राच्या लाटा, हा तुटकपणा तिथून आला. गाव आणि कडा एका नकाशावर आणायचे असतील तर गाव खाडीच्या आत आणि वाडा खाडीच्या तोंडावरच्या टेकडीवर ठेवा. मेनमध्ये अशा रचनेची गावं पुष्कळ आहेत, म्हणून ते खोटं वाटत नाही.

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. मालिकेत जवळचं मोठं शहर म्हणून बँगोर येतं आणि लोक तिथे गाडीने जाऊन परत येतात. बँगोर पेनॉब्स्कॉट नदीवर, आत आहे. त्याच्या खाली समुद्राकडे उतरलं की बार हार्बर आणि फ्रेंचमन बे लागतो. कॉलिन्सपोर्ट तिथेच आसपास धरावं. पोर्टलंडच्या दक्षिणेला नको, तिकडे वाळूचे किनारे आहेत आणि वाड्याजवळच्या विडोज हिलसारखा कडा बसत नाही.

खऱ्या मेनशी काय जुळतं आणि काय नाही, ते सांगतो.

कारखाना जुळतो. कॉलिन्स घराण्याचा पैसा मासेमारीच्या बोटी आणि डबाबंद मासळीच्या कारखान्यातून येतो, आणि मेनच्या पूर्व किनाऱ्याचा तोच धंदा होता. तिथली 'सार्डिन' म्हणजे हेरिंग माशाची लहान पिल्लं. १८७० च्या दशकात ईस्टपोर्टला हा उद्योग सुरू झाला, आणि प्रॉस्पेक्ट हार्बरचा शेवटचा कारखाना २०१० मध्ये बंद पडला. बोट भरून आली की कारखान्याचा भोंगा वाजे आणि मासे भरणाऱ्या बाया वेळ-अवेळ न पाहता कामाला निघत. प्रत्येक कारखान्याचा भोंगा वेगळा, गावाला तो ओळखू यायचा. मालिकेने हा भोंगा कथेत ओढून घ्यायला हवा होता असं मला फार वाटतं. मध्यरात्री भोंगा झाला आणि बोट मात्र आलेली नाही, एवढ्यावर एक आठवडा निघाला असता.

भरती-ओहोटी अर्धी जुळते. बार हार्बरपाशी भरती आणि ओहोटीतला फरक सरासरी १० फुटांच्या वर, ईस्टपोर्टला १८ फुटांच्या आसपास. न्यूपोर्टला, जिथे लाटा टिपल्या, तो जेमतेम साडेतीन फूट. म्हणून शीर्षकातल्या खडकांवर शेवाळाचा पट्टा अरुंद दिसतो. खऱ्या मेनमध्ये ओहोटीला माणसाच्या दुप्पट उंचीचा काळपट, निसरडा पट्टा उघडा पडतो, धक्क्याचे खांब उंच दिसतात आणि बोटीपर्यंत उताराच्या फळीवरून जावं लागतं. चित्रात हे नाही. लेखनात मात्र एकदा फार चांगलं आलं आहे: कारखान्याचा व्यवस्थापक बिल मॅलॉय पाण्यात मेलेला सापडतो, तेव्हा भरतीच्या वेळा आणि प्रवाह यांच्यावरून तो कुठून पडला असेल हा हिशोब मांडला जातो, आणि संशयाचं बोट लुकआउट पॉइंटकडे वळतं. भुताखेताच्या मालिकेत समुद्र साक्षीदार म्हणून उभा राहतो. याच बिलचं भूत नंतर येतं ते अंगावर ओलं समुद्रशेवाळ घेऊन.

रेल्वे जुळत नाही. पहिल्या भागात वाड्यावर शिकवणीच्या नोकरीसाठी आलेली व्हिक्टोरिया विंटर्स आणि बऱ्याच वर्षांनी गावात परतणारा बर्क डेव्हलिन आगगाडीने येतात. १९६६ मध्ये या किनाऱ्यावर आगगाडीने उतरणं शक्य नव्हतं, मेन सेंट्रल रेल्वेने प्रवासी गाड्या १९६० मध्येच बंद केल्या होत्या. तरीही लेखकाने आगगाडी ठेवली ते बरोबर केलं. दोन अनोळखी माणसं एका डब्यात, रात्र, खिडकीत चेहरा. बसने ते साधलं नसतं.

धुकं जुळतं, पण मोसम धरून. मेनचं समुद्री धुकं उन्हाळ्यातलं: दक्षिण-नैर्ऋत्येकडून येणारी दमट ऊबदार हवा थंड पाण्यावरून सरकते, खालून गार होते आणि धुकं धरतं. जून ते ऑगस्ट हा त्याचा काळ. मालिकेत बारा महिने धुकं आहे, त्याचं कारण स्टुडिओ: धुक्यात मागचा रंगवलेला पडदा झाकतो. कृष्णधवल काळात हे झाकणं फारसं कळत नाही. ११ ऑगस्ट १९६७ पासून (भाग २९५) मालिका रंगीत झाली आणि पडद्यावरची झाडं पडद्यावरचीच दिसू लागली.

---

गलबत

तिघांचेही मनापासून आभार. एलिझाबेथची युक्ती वाचून पहिले दहा भाग पुन्हा मांडायला घेतले आहेत.

एक अडचण. विडोज हिलवरून कॉलिन्स घराण्याच्या जुन्या काळातल्या जोसेटने उडी घेतली, हे सगळ्यांना माहीत आहे. पण सुरुवातीच्या भागांत तिचा काळ आणि नवरा वेगळा आहे, नंतर वेगळा. नकाशावर वाड्याच्या बांधकामाचं साल काय घालू? आणि १७९५ च्या कथेतलं गाव कितपत भरवशाचं?

---

जुनी_सनद

साल दोन आहेत, दोन्ही मालिकेचीच. १९६६ मध्ये सांगितलं जातं की जेरेमाया कॉलिन्सने कॉलिनवुड १८३० मध्ये बांधलं आणि जोसेट ही त्याची बायको. बार्नबस आल्यावर लेखकांना जुना काळ मागे न्यावा लागला. नोव्हेंबर १९६७ ते मार्च १९६८ या महिन्यांत कथा १७९५ मध्ये गेली, तेव्हा वाडा नुकताच बांधून होत आला आहे, जोसेट मार्टिनिक बेटावरून बार्नबसशी लग्न करायला आली आहे, आणि जेरेमाया मधे येतो तो अँजेलिकच्या चेटकामुळे. नकाशावर १७९५ घाला आणि टीप द्या की २१० व्या भागाआधीचं, म्हणजे बार्नबस येण्याआधीचं पाहत असाल तर १८३० वाचा. दोन्हींचा मेळ घालणारी मधली गोष्ट रचू नका. बऱ्याच चाहत्यांनी तसं केलं आहे आणि प्रत्येक मेळ कुठे ना कुठे फाटतो.

१७९५ चं गाव ऐतिहासिक म्हणून पाहाल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. तेव्हा मेन हे राज्यच नव्हतं, तो मॅसेच्युसेट्सचा भाग होता. स्वतंत्र राज्य १५ मार्च १८२० ला झालं. म्हणजे बार्नबसच्या काळातले कायदे, न्यायाधीश, कर सगळे बोस्टनच्या अखत्यारीतले. दुसरं, १९६० च्या दशकातून त्या काळात जाऊन पडलेल्या व्हिक्टोरियावर चेटकाचा खटला चालतो आणि फाशीची शिक्षा होते. सेलमचे खटले १६९२-९३ चे, आणि त्यानंतर तिथे अशा खटल्यांचा चटका सगळ्यांनाच बसला होता. शंभर वर्षांनी त्याच मॅसेच्युसेट्समध्ये असा खटला चालणं इतिहासाला धरून नाही. कथेला मात्र ते हवं होतं, कारण पाद्री ट्रास्कसारखा माणूस गावाच्या भीतीला आवाज देऊ शकतो. जेरी लेसीने तो इतका कडवट उभा केला आहे की गावकरी पडद्यावर न येताही जमाव जाणवतो.

इथेच @दोन_इंची_टेप यांच्याशी माझा मतभेद आहे. १९६८ नंतर गाव संपलं, हे पटत नाही. धंद्याचं गाव संपलं, हे खरं. पण १७९५ मध्ये धक्क्यावर 'द ईगल' नावाचा गुत्ता आहे, नौदलातला नेथन फोर्ब्ज तिथे पीत बसतो, आणि बार्नबस धक्क्यावरच्या बायकांकडे वळतो तेव्हा बंदराची वस्ती पुन्हा दिसते. आजच्या ब्लू व्हेलचीच ती आधीची पिढी आहे, हे कोणी बोलून दाखवत नाही तरी कळतं. गावाला एका बाजूने जुनं करत नेलं. मृतांचं गाव म्हणून ते वाढलंच: ईगल हिल, तिथला पुटपुटणारा म्हातारा राखणदार, कॉलिन्स घराण्याची समाधी, सिंहाच्या तोंडातली कडी ओढली की उघडणारी चोरखोली. ती कडी १९६७ मध्ये बार्नबसची शवपेटी उघडणारा विली लूमिस ओढतो आणि १७९५ च्या कथेत तीच खोली पुन्हा येते. एकच वस्तू दोन काळांत ठेवली की गावाला खोली येते, त्यासाठी नवा सेट लागत नाही.

---

दोन_इंची_टेप

चोरखोलीचा मुद्दा मान्य. ती कडी म्हणजे साठ भागांच्या मालिकेतही परवडेल असा दुवा आहे. धंद्याबद्दलचं मत कायम ठेवतो: माणसं कशावर जगतात हे कळेनासं झालं की तिथे कोण मेलं याचंही फार काही वाटत नाही.

चौथा प्रश्न राहिला होता. भाग निवडताना आधी एक सापळा सांगतो. डीव्हीडीचा पहिला संच २१० व्या भागापासून, म्हणजे बार्नबसच्या शवपेटीपासून सुरू होतो. त्याआधीचे २०९ भाग 'द बिगिनिंग' या नावाने वेगळे आहेत. गाव नेमकं त्यांत आहे. पुष्कळ जण "पहिला संच" म्हणून २१० पासून सुरू करतात आणि मग ब्लू व्हेलचं एवढं काय, असं विचारतात.

माझी निवड:

भाग १ ते ५. आगगाडी, इन, कॉफी शॉप, वाडा, कडा. पाच भागांत पाच जागा, प्रत्येकीला एक राखणारा माणूस. वही घेऊन बसा आणि गावातल्या किती जागांची फक्त नावं घेतली जातात ते मोजा.

बिल मॅलॉयचं बेपत्ता होणं आणि शोध, साधारण ४५ ते ६० च्या दरम्यान. गाव म्हणून मालिका इथे सगळ्यात भक्कम आहे. ११ वाजता एलिझाबेथच्या भावाच्या, रॉजरच्या कचेरीत ठरलेली भेट, कोण कुठे होतं, कोणी कोणाला पाहिलं. या भागांवरून रस्त्यांची अंतरं काढता येतील असं वाटतं, पण सावध राहा: वाड्यापासून गावापर्यंतचा वेळ प्रसंगाच्या गरजेनुसार लांबतो-आखडतो.

भाग ७०. ओल्ड हाउस पहिल्यांदा, आणि जोसेटचं भूत तसबिरीतून उतरतं. खांबांमधून ती फिरते, बोलत नाही. गावाची हद्द इथे एकदम जंगलात सरकते.

२१० ते २६० च्या आसपास. त्याच कॉफी शॉपमध्ये, त्याच गुत्त्यात भीती कशी शिरते ते पाहा. नवीन जागा जवळजवळ नाही. मॅगीला आपण कित्येक भाग तिच्या कामावर पाहिलेलं असतं, म्हणून बार्नबसच्या चाव्यानंतर तिचं फिकट पडणं लागतं.

क्रमांकांबद्दल: भाग एकूण १२२५, पण शेवटच्याचा क्रमांक १२४५, कारण मधले काही क्रमांक वगळले आहेत. संचात एखादा क्रमांक नसला तर लगेच भाग हरवला असं समजू नका. खरोखर हरवलेला भाग एकच, १२१९. तो ध्वनिमुद्रणावरून पुन्हा रचला आहे.

पाच आवाजांसाठी मांडणी सुचवतो. एक जण घर सोडू शकत नाही. एक जण सगळ्यांना जेवू घालतो किंवा चहा देतो. एक जण बंदरावर कामाला. एक जण बऱ्याच वर्षांनी परतलेला, ज्याचा हिशोब बाकी आहे (कॉलिन्सपोर्टमध्ये तो बर्क, मनुष्यवधाच्या आरोपाखाली तुरुंगवास भोगून आलेला). पाचवा नवा आलेला, त्याला सगळं विचारावं लागतं आणि त्या निमित्ताने श्रोत्यालाही कळतं. यातले कोणतेही दोघे समोरासमोर आणले तरी प्रसंग तयार होतो. म्हणजे दहा जोड्या, प्रत्येकी सहा भाग, तुमचे साठ.

---

ओहोटी

@गलबत, कोकणात गाव वसवताना एक काळजी घ्या: मेनचं धुकं उचलून आणू नका. अरबी समुद्राचं पाणी उबदार, त्यामुळे तसं समुद्रावरून सरकत येणारं धुकं आपल्याकडे धरत नाही. आपलं धुकं थंडीतल्या पहाटेचं, खाडीवर आणि दरीत बसणारं, ऊन चढलं की उठणारं. रात्री दहाला धक्क्यावर दाट धुकं ऐकवलंत तर किनाऱ्यावरचा श्रोता तिथेच सुटेल.

धुक्याने मालिकेत जे काम केलं, ते म्हणजे माणसाला एकटं पाडणं, तसा आपल्याकडे पाऊस आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी वर ओढून झापांखाली ठेवलेल्या, बंदरावर माणूस नाही. तेव्हा इंजिनाचा आवाज आला तर तो आवाज हीच बातमी. नारळी पौर्णिमेला बंदर पुन्हा भरतं. म्हणजे कथेला तुमच्याकडे आपोआप दोन अंक मिळतात.

आणि बिल मॅलॉयसारखा भरतीचा हिशोब घालणार असाल तर पंचांग पुरे आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने निघते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, आणि तोच खेळ रात्री पुन्हा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे पाण्याचा चढ-उतार सगळ्यात कमी. प्रेत कधी आणि कुठे लागेल, होडी बारातून (खाडीच्या तोंडातून) कधी बाहेर पडू शकेल, हे आधी या हिशोबाने तपासा आणि मग संवाद लिहा. उदाहरणार्थ, अष्टमीच्या रात्री बाराला कोणी "भरतीच्या पाण्यातून पोहत आलो" म्हणत असेल, तर तो खोटं बोलतो आहे. त्या वेळी पाणी सगळ्यात खाली असतं आणि त्याच्या पायाला चिखल हवा. तुमच्या बंदरातला म्हातारा तांडेल त्याच्या पायांकडे बघूनच ते ओळखेल.